कोरडं घासू नका: घरातला सुकलेला रंग काढताना

दिवाळीआधी रंगकाम उरकलं तेव्हा भिंती झकास झाल्या होत्या, पण भिंती सोडून बाकी सगळ्यावर रंग उडालेला होता. मोझेकच्या फरशीवर पांढरे थेंब, स्विचबोर्डांच्या कडेने रेघ, तावदानांवर शिंतोडे, ओट्याच्या कडाप्प्यावर लांबीचे (भिंतीच्या पुट्टीचे) टिपके. शेवटी सफाई करून देईन असं ठेकेदाराने कबूल केलं होतं. हिशेब चुकता झाला आणि त्याची माणसं दुसऱ्या कामावर गेली. जाता जाता त्यातल्या एकाने आतल्या खोलीच्या सागवानी दाराकडे बोट दाखवलं. "ताई, याला घासायचं मशीन मारतो, दुपारपर्यंत दार कोरं करून देतो." मी नको म्हटलं. नको का म्हटलं, आणि नंतर थेंबांपासून दारापर्यंतचा रंग घरच्या घरी कसा काढला, ते सविस्तर लिहिते आहे. पुण्याच्या जुन्या पेठांमधल्या बऱ्याच घरांत हीच परिस्थिती आहे आणि बहुतेक ठिकाणी मशीनच मारलं जातं.

आमची इमारत नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्या पुरात खचलेल्या वाड्याच्या जागी ती उभी राहिली. वाड्यातली जी दारं धड होती ती नव्या घरात बसवली गेली. तेव्हापासून दर काही वर्षांनी त्यांच्यावर ऑइल पेंटचा हात फिरत आला. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा दारं हिरवी होती, मधे निळी झाली, मी आले तेव्हा क्रीम. जुना रंग कोणी कधी काढला नाही, वरून नवा लावला. आता आतल्या खोलीचं दार खालच्या बाजूला सोलायला लागलं होतं, शिवाय पावसाळ्यात फुगलं की चौकटीला घासायचं आणि कडेची भुकटी उंबरठ्यावर पडायची. नात नुकती रांगायला लागली आहे. उंबरठा ही तिची आवडती जागा, आणि हाताला लागेल ते तोंडात.

अडचण शिशाची आहे. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं किती असावं याची सक्तीची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली: दशलक्ष भागांत ९० भाग. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं सर्रास वापरलं जायचं. पिवळ्या, केशरी, हिरव्या छटांसाठी लेड क्रोमेट असायचं, रंग लवकर वाळावा म्हणून घालायच्या द्रव्यांतही शिशाची संयुगं असायची. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही, आणि पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषलं जातं. परिणाम मेंदूच्या वाढीवर होतो आणि तो भरून निघत नाही. असं दार मशीनने कोरडं घासलं की साठ वर्षांचा रंग पिठासारखा होऊन घरभर उडतो. पडद्यांवर, गाद्यांवर, फरशीच्या सांध्यांत बसतो आणि झाडूने काही जात नाही. दार दुपारी कोरं झालं असतं, पण ती भुकटी घरात कित्येक महिने राहिली असती. तपासणीच्या नादाला न लागता आम्ही धरूनच चाललो की त्या दारात शिसं आहे.

याचा अर्थ दिसेल तो जुना रंग उकरून काढायचा असं अजिबात नाही. घट्ट बसलेला, न सोलणारा, कशाला न घासणारा रंग छेडू नये. साध्या ओल्या फडक्याने पुसून वरून नवा हात द्यावा. खिडक्यांचे गज आम्ही असेच सोडले. काढायचा तो सोलणारा आणि घासला जाणारा रंग.

भिंतीवरून उडालेला रंग मात्र ताजा, त्यात ही भीती नव्हती. तिथे प्रश्न एवढाच की कोणता रंग आहे आणि तो कशावर पडलाय. रंग ओळखायची सोपी रीत सुतारमामांनी दाखवली. (ते आमच्या घरी सासऱ्यांच्या काळापासून येतात.) आधी ओलं फडकं घासायचं. फडक्याला रंग लागला तर डिस्टेंपर किंवा चुना. नाही लागला तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून अर्धा मिनिट थेंबावर दाबून धरायचा. बोळ्याला रंग आला, थेंब चिकट झाला, तर इमल्शन. काहीच झालं नाही तर ऑइल पेंट.

कारणही सरळ आहे. इमल्शन पाण्यात कालवलेलं असलं तरी वाळल्यावर ते अ‍ॅक्रिलिकच्या बारीक कणांचा एकजीव पापुद्रा असतं. पाण्याने ते विरघळत नाही, पण अल्कोहोल लागलं की मऊ पडतं, अगदी जुनं झालं तरी. ऑइल पेंट नुसता वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन त्याच्या रेणूंचं जाळं विणलं जातं. म्हणून टर्पेंटाइन ओल्या ऑइल पेंटवर आणि ब्रशवर चालतं, वर्षानुवर्षांच्या दारावर ते ओतून काही उपयोग नसतो.

फरशीवरचे थेंब इमल्शनचे निघाले. कोविडच्या दिवसांत भरून ठेवलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या इथे फार कामाला आल्या. जेलसारखा सॅनिटायझर घ्यावा, त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं आणि जेल असल्याने तो थेंबावर टिकून राहतो. नुसतं स्पिरिट ऑक्टोबरच्या उन्हात बघता बघता उडून जातं. थेंबावर जेलचा टिपका, वर प्लॅस्टिकचा छोटा तुकडा, आणि पुढच्या थेंबाकडे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिला थेंब मऊ झालेला असायचा. मुदत संपलेल्या एटीएम कार्डाच्या कडेने ढकलला की अखंड पापुद्रा निघून यायचा. खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि देवघरातलं निरांजन विझवलेलं. अल्कोहोलची वाफ पेट घेते, आणि खाली वाकून काम करताना ती नेमकी आपल्या अवतीभोवती असते. मुलांना तोवर शेजारी पाठवावं हे उत्तम.

मोझेकवर, कडाप्प्यावर, शहाबादीवर अ‍ॅसिड नाही म्हणजे नाही. संडासाचं अ‍ॅसिड तर नाहीच, व्हिनेगर आणि लिंबूही नाही. शहाबादी आणि कडाप्पा हे दोन्ही चुनखडीचे दगड, मोझेकमध्ये संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले. आम्ल पडलं की बुडबुडे येतात आणि पॉलिश जातं. रंगाचा डाग निघतो, त्या जागी कायमचा मुरलेला फिका डाग येतो, आणि तो मशीन पॉलिश केल्याशिवाय जात नाही. ओट्यावरच्या लांबीच्या टिपक्यांचा मोह तिथेच होतो, कारण भिंतीला लावायची लांबी पांढऱ्या सिमेंटची, तिच्यावर अल्कोहोल चालत नाही आणि आम्ल चालतं. आम्ही साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेली जुनी चादर रात्रभर ओट्यावर पसरून ठेवली. सकाळी लाकडी उलथण्याने बरेचसे टिपके सुटले. उरले त्यांना पातळ लोखंडी पट्टी जवळजवळ आडवी धरून, पाणी सोडत, हलक्या हाताने सरकवलं. पट्टी उभी धरली की कडाप्प्यावर रेघ उमटते.

काचांना फार वेळ लागला नाही. साबणाचं पाणी, नवं कोरं ब्लेड धारकात बसवलेलं, आणि एकाच दिशेने पुढे ढकलणं. मागेपुढे केलं की ब्लेडखाली आलेला कण काचेवर ओरखडा काढतो. काच सतत ओली हवी. टफन्ड काचेवर मात्र ब्लेड लावू नये. तिला ओरखडे लवकर पडतात, तिथे जेल आणि प्लॅस्टिकचं कार्डच बरं.

स्विचबोर्डांचं काम नवऱ्याने केलं. मेन स्विच बंद करून, कान साफ करायच्या काडीवर स्पिरिटचे दोन थेंब घेऊन, स्विचच्या कडेकडेने. बोर्डावर बाटलीतून काही ओतायचं नाही, आत जातं. थिनरला इथे जागा नाही. आजकालचे स्विच पॉलीकार्बोनेटचे. थिनरने त्यांची चमक जाते, पृष्ठभाग चिकट होतो, तडेही जातात. जिन्यातले जुने काळे बेकलाइटचे स्विच ते सहज सोसतात, म्हणून एका ठिकाणी चाललं ते दुसरीकडे चालेल असं धरून चालता येत नाही.

मग दार.

सामान आणायला आम्ही बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने रंगाचं नुसतं नाव काढताच पेंट रिमूव्हरचा डबा पुढे केला. "ताई, लावा आणि चहा पिऊन या, सोलून हातात येईल." ते खरंही होतं. डबा फिरवून बघितला तर घटकांत मिथिलीन क्लोराइड. हे रसायन चाळीस अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे आपल्या हवेत त्याची भराभर वाफ होते. वाफ श्वासातून गेली की शरीरात तिचा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. साध्या मास्कने ती अडत नाही, साध्या रबरी हातमोज्यांतून द्रव काही मिनिटांत पार होतो. बंद मोरीत, टाकीत काम करताना यामुळे माणसं दगावली आहेत, आणि अमेरिकेत २०१९ पासून घरगुती वापरासाठी त्याची विक्री बंद आहे. आपल्याकडे तो डबा गल्ल्यावर सहज मिळतो. मी दुकानदाराला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं. आम्ही डबा न घेता हीट गन (कडक गरम हवा सोडणारं यंत्र), कार्बाइडच्या पात्याचा स्क्रॅपर, वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा खरखरीत कागद), जाड प्लॅस्टिकचा कागद आणि एन ९५ मास्क घेऊन आलो.

कॉस्टिक सोड्याचा विचारही झाला, कारण क्षाराने ऑइल पेंटचा अक्षरशः साबण होतो. सुतारमामांनी मोडता घातला. "वहिनी, लोखंडाला चालेल. सागवान काळवंडतं, रेषा उठून येतात, मग ते बसवता बसवता नाकी नऊ येतात." पूर्वी ते स्वतः ब्लोलॅम्पने रंग जाळून काढत असत. जाळण्यातून शिशाचा धूर होतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या बरोबरीच्या किती जणांनी आयुष्यभर तो ओढला असेल, याचा मला त्या दिवशी फार त्रास झाला.

दार उतरवायचं तर आधी बिजागऱ्या. त्या पितळी आहेत हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, इतके थर. स्क्रूच्या खाचा रंगाने भरलेल्या. खाच मोकळी न करता पेचकस लावला की स्क्रूचं डोकं खराब होतं आणि मग तो कशानेच निघत नाही. सुतारमामांनी खिळ्याचं टोक खाचेत ठेवून हातोडीने हलके टिचके मारत एकेक खाच साफ केली. बिजागरीच्या कडेने कटरने रेघ मारून घेतली, म्हणजे ओढताना लाकडाची ढलपी उचकटत नाही. तिन्ही बिजागऱ्या, कडी आणि कोयंडा स्टीलच्या एका जुन्या पातेल्यात घातले. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही हे आधीच ठरलेलं. वर पाणी, दोन मुठी धुण्याचा सोडा, आणि गच्चीवर शेगडी मांडून मंद आच. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, सोडा ते खातो.

पाणी उकळायला लागल्यावर काही वेळ काही दिसलं नाही. मग कडेने रंग उचलला गेला, फुगला, आणि चिमट्याने ओढल्यावर दुधावरची जाड साय निघावी तसा कडीचा सबंध रंग एकसंध सुटून आला. त्याची कड बघितली तर क्रीम, निळा, हिरवा, आणखी एक गडद हिरवा, आणि तळाशी गुलाबी प्रायमर, सगळे एकाखाली एक. खाली पितळ, थोडं काळसर. सासूबाईंनी चिंच लावून ते असं उजळवलं की आम्ही सगळे बघत राहिलो.

दार गच्चीवर नेलं. खाली प्लॅस्टिक, कडा दुमडून वर घेतलेल्या, म्हणजे वाऱ्याने काही उडणार नाही. हीट गन खालच्या टप्प्यावर, लाकडापासून चार बोटं लांब, एका जागी न थांबवता. रंग आधी मऊ होतो, मग त्याला फोड येतात. फोड येताक्षणी स्क्रॅपर मागोमाग, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. धूर दिसायला लागला तर उष्णता जास्त होते आहे, गन लगेच मागे घ्यायची. शिशाच्या रंगासाठी सुमारे ५९० अंशांची कमाल मर्यादा सांगतात आणि बऱ्याच गन वरच्या टप्प्यावर तिच्यापर्यंत पोचतात, म्हणून वरच्या टप्प्याला आम्ही हातच लावला नाही. सपाट भागावर हे काम फार समाधानाचं आहे. रंगाच्या लांब पट्ट्या गुंडाळत येतात आणि भुकटी जवळजवळ होत नाही. दाराला तावदान असेल तर ते आधी काढावं, गरम हवेने काच तडकते.

नक्षीच्या पट्ट्यांनी वेळ खाल्ला. खोबणीत स्क्रॅपरचं पातं जात नाही. सुतारमामांनी हॅक्सॉचं तुटकं ब्लेड सहाणेवर घासून त्याला आकडीसारखं टोक काढून दिलं, मागे चिंधी गुंडाळून मूठ केली. बाजारात असं हत्यार मिळत नाही, आणि मिळालं असतं तरी आमच्या दाराच्या गोलाईला ते बसलं नसतं. त्या आकडीने, थोडं तापवत थोडं ओढत, खोबण्या मोकळ्या केल्या. अगदी तळाच्या कोपऱ्यांत हिरवा राहिला आहे. तो काढायला गेलं तर नक्षीची धार बोथट होते. तो घट्ट आहे, कोणाचा हात तिथे पोचत नाही, वरून तेलाच्या थरात बंद झाला आहे. राहू दिला.

शेवटचं घासणं ओलं. फवाऱ्याने पृष्ठभाग ओलसर ठेवायचा आणि १२० नंबरचा वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून रेषेच्या दिशेने फिरवायचा. चिखलासारखा राडा होतो, तो ओल्या चिंधीने टिपून चिंधी पिशवीत. पुढे २२० आणि ३२०. लाकूड ओलं होऊन थोडं खडबडतं, सावलीत नीट वाळू दिलं की शेवटच्या कागदाने ते बसतं. खाली सागवान निघालं ते मधाळ, तेलकट स्पर्शाचं. घासणारी कड सुतारमामांनी रंध्याच्या एका हाताने कमी केली. रंग निघालेला असल्याने आता तिथून निघालं ते नुसतं लाकूड.

मास्क काम संपेपर्यंत उतरवायचा नाही, चहासाठीसुद्धा आधी हात-तोंड साबणाने धुवायचं. कामाचे कपडे गच्चीवरच बदलायचे, वेगळे धुवायचे, बाळाच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. झाडू नाही, ओलं पुसणं; साध्या व्हॅक्यूम क्लीनरने बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा हवेत येतात. हे सगळं घरातल्यांना पहिल्या दिवशी जास्तच वाटलं. पोछ्याची बादली करड्या पाण्याने भरलेली बघितल्यावर कोणी काही बोललं नाही.

दाराला रंग लावायचा नाही यावर एकमत होतं. बॉइल्ड लिनसीडचे पातळ हात दिले, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. तेलाच्या चिंध्यांकडे मात्र नीट लक्ष द्यावं लागतं. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळून कोपऱ्यात टाकलेल्या चिंध्या आपोआप पेटू शकतात. आम्ही त्या पाण्याच्या बादलीत बुडवायचो आणि नंतर दोरीवर एकेक पसरून वाळवायचो.

रंगाच्या साली, वापरलेले वॉटर पेपर आणि टिपलेला राडा वाळवून दुहेरी पिशवीत बांधला. २०१६ च्या घनकचरा नियमांत रंगाचे रिकामे डबे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. हा तर त्याहून वाईट. पिशवीवर मोठ्या अक्षरांत "जुना रंग, शिसं, उघडू नये" लिहिलं आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना आत काय आहे ते समजावून वेगळी दिली, कारण ओल्या-सुक्यात ती गेली असती तर वेचताना हात त्यांचाच लागला असता. बिजागऱ्या उकळलेलं पाणी कुंड्यांना घातलं नाही, गाळ खाली बसू देऊन तो पिशवीतच टाकला.

स्वयंपाकघराचं दार अजून क्रीमच आहे. कुठे सोललेलं नाही, चौकटीलाही लागत नाही. महिन्यातून एकदा खालची कड ओल्या फडक्याने पुसून बघते. पोपडा दिसला तर उन्हाळ्यात तेही गच्चीवर जाईल. आकडी सुतारमामांनी आमच्याकडेच ठेवून दिली आहे.